नाव न घेता सांगून ठेवलेलं काम

सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉम्प्युटर क्लासच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत. आत देव आहे म्हणून नाही, धूळ गेली तर मशीन बिघडतं म्हणून. माझी मुलगी तिथं शिकायला जायला लागली तेव्हा मी एकदा तिचा डबा घेऊन गेले आणि चपलांचा तो ढीग बघून दारातूनच परत फिरले. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. आत काय चालतं ते मला कळणार नव्हतं, आणि कळून काही उपयोग होईल असंही वाटत नव्हतं. एकोणीसशे नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं.

मुलगी तेव्हा तिशीची होती आणि विधवा होऊन फार दिवस झाले नव्हते. जावई साताऱ्याचे. काविळीचं निमित्त झालं आणि महिन्याभरात गेले. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर सासऱ्यांनी तिला थोडे दिवस माहेरी जाऊन ये म्हटलं आणि ती सांगलीला माझ्या खोलीवर आली. थोडे दिवस म्हणजे किती, हे कुणी बोललं नाही. तिच्या सासूला अर्धांगवायू होता. अंथरुणातच सगळं करावं लागायचं. थोरली जाऊ शाळेत मास्तरीण होती, तिला दिवसभर घरी राहता येत नव्हतं. म्हणून या मुलीने साताऱ्याला परत यावं आणि सासूचं बघावं, असं त्या घराचं म्हणणं होतं. ते लोक वाईट नव्हते. त्यांना माणूस हवं होतं आणि घरातलं एक माणूस रिकामं होतं, एवढाच त्यांचा हिशेब.

मुलीला जायचं नव्हतं. मी तिला सरळ सांगितलं होतं की नुसतं नको म्हणून चालत नाही, हाताला काम असेल तर नको म्हण. नाहीतर आज ना उद्या मी मरणार, आणि मग तुला त्याच दारात जावं लागणार, ते आत्ताच गेलेलं बरं. तिला राग आला. पण दुसऱ्या दिवशी ती क्लासला वेळेवर गेली.

त्या क्लासमध्ये इंटरनेटची पानं कशी बनवायची ते शिकवत. क्लासच्या सरांना एक शिकवणारा माणूस हवा होता. नवीन बॅचला तासगाव, जत, कवठे अशा भागातली मराठी शाळेतली मुलंमुली येणार होती आणि सरांचं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जायचं. सरांनी दोघांना विचारलं होतं. एक इंजिनिअरिंग कॉलेजचा मुलगा आणि दुसरी माझी मुलगी. दोघांनी एकेक तास घ्यायचा, सर मागे बसणार, मुलांना ज्याचं कळेल तो राहणार. धडा सरांनीच ठरवून दिला होता. त्याला नाव नसलेलं फंक्शन म्हणतात.

घरात कॉम्प्युटर नव्हता. मुलगी दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायची आणि मला समोर बसवायची.

मी म्हटलं, "मला काय कळणार हाय त्यात?"

"तुला कळंना झालं, तर मला शिकवता येत न्हाई असं समजायचं," ती म्हणाली.

मी बेदाणा निवडायचं काम घरी आणत असे. सूप मांडीवर घेऊन, काड्या काढता काढता मी ऐकायची. ती सांगायची ते असं. पानावर बटणं असतात. बटण दाबलं की काहीतरी व्हायला पाहिजे. काय व्हायला पाहिजे ते आधी लिहून ठेवायचं असतं. त्या लिहून ठेवलेल्या कामाला फंक्शन म्हणतात. कामाला नाव द्यायचं, नावापुढे गोल कंस काढायचा, की ते काम होतं. इथपर्यंत मला कळलं. नाव घेतलं की माणूस ओ देतो, तसं.

तिने क्लासमध्ये एसटीच्या गाड्यांचं पान केलं होतं. साताऱ्याचं एक बटण, कोल्हापूरचं एक. साताऱ्याचं दाबलं की साताऱ्याच्या गाड्यांची वेळ दिसायची. म्हणजे दिसायला हवी होती. बटणाच्या ओळीत तिने कामाचं नाव आणि पुढे गोल कंस लिहिला होता. पान उघडलं की कुणी काही दाबायच्या आधीच सगळ्या वेळा एकामागून एक समोर यायच्या, आणि नंतर बटण दाबलं तर काहीच व्हायचं नाही. तिने पुस्तकात बघून ओळ बदलली. नाव काढून टाकलं. फंक्शन हा शब्द, पुढे मोकळा गोल कंस, मग महिरपी कंस आणि महिरपीच्या पोटात काम. तसं लिहिल्यावर पान नीट चालायला लागलं.

मी विचारलं, "त्याला नाव न्हाई, तर त्याला हाक कोण मारणार?"

"बटण."

"बटणाला नाव कसं ठाऊक?"

"नावच न्हाई गं त्याला."

"मग हाक कशी मारतंय?"

तिने दारावरच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पुस्तकात तसंच दिलंय."

"मग त्या पुस्तकालाच नोकरी दे म्हणावं तुझ्या सरांना."

तिने खडू खिडकीत ठेवला आणि स्वयंपाकाला लागली. मला वाईट वाटलं नाही. मी विचारलं तेच जतचं एखादं पोरगं विचारणार होतं, आणि मागे सर बसलेले असणार होते. तिला पाठ होतं, पण कळलेलं नव्हतं. हे तिला माझ्याआधी माहीत होतं. पुढचे काही दिवस ती रोज दारावर तीच ओळ लिहायची आणि ओल्या फडक्याने पुसायची. मला समोर बसवणं मात्र तिने बंद केलं.

तासाच्या आधीच्या आठवड्यात जावयांचं वर्षश्राद्ध आलं. आम्ही दोघी सकाळच्या एसटीने साताऱ्याला निघालो. सासऱ्यांचा निरोप आधीच आला होता की सगळे जमणार आहेत, तर पुढचंही बोलून घेऊ. पुढचं म्हणजे काय, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. गाडीत ती खिडकीशी बसली. कराडला गाडी बराच वेळ थांबली. तिथून पाटणवरून कोयनेकडे रस्ता जातो. त्या रस्त्याने माझी अर्धी उमर गेली आहे.

माझे मालक, हिचे वडील, धरणावर कामाला होते. आम्ही कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. जमीन हलणं तिथं रोजचं. पण एकदा पहाटे मोठा भूकंप झाला. मी दोन्ही थोरल्या पोरांची नावं घेऊन ओरडले आणि ती उठून बाहेर आली. मालक रात्रपाळी करून नुकतेच झोपले होते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमची रीत. मी दारातून "आवं, आवं" म्हणून ओरडत होते. शेजारच्या खोलीतून तिथली बाई "आवं" ओरडत होती. पलीकडची पण तेच. सगळ्या चाळीत नुसतं "आवं, आवं" चाललं होतं आणि कुणाला कोण बोलावतंय ते एकाही गड्याला कळेना. मालक उठून बसले, कुणाची तरी बायको ओरडतीय असं त्यांना वाटलं. तेवढ्यात भिंत त्यांच्या पायावर आली. पाय वाचला नाही. माणूस वाचला. पुढे मरेपर्यंत ते स्टोअरमध्ये बसून काम करायचे.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी घरात एक पद्धत घातली. फळीवर एक परात, परातीत पालथा तांब्या, तांब्यावर पालथं फुलपात्र. जमीन हलली की फुलपात्र परातीत पडणार. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की इथून पुढं हाकेची वाट कुणी बघायची नाही आणि कुणी कुणाला हाक मारत बसायचं नाही. भांडं वाजलं की उठायचं आणि बाहेर जायचं. बाहेर मोकळ्यात आल्यावर मग एकेकाचं नाव घेऊन बघायचं, कोण आलंय, कोण राहिलंय. ही मुलगी त्यानंतर जन्मली. तिला एका पायाचाच बाप माहीत आहे. ती चालायला लागल्यापासून भांडं वाजलं की बाहेर जाते. घरोघर फुलपात्रं अशी ठेवलेली असतात असंच तिला लहानपणी वाटायचं.

साताऱ्याला पोचलो तेव्हा गुरुजी आले होते. त्यांनी गेलेल्याचं नाव आणि गोत्र विचारलं. सासऱ्यांना ते बोलता येईना. थोरल्या मुलाने सांगितलं. माझी मुलगी भिंतीशी बसली होती, तिने मान वर केली नाही. आतल्या खोलीत सासू अंथरुणावर होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले. तिला बोलता येत नव्हतं पण सगळं समजत होतं. तिचे केस कुणी विंचरले नव्हते. मी विंचरले. थोरली सून शाळेत रजा टाकून आली होती आणि सकाळपासून चुलीपुढे होती. तिचाही जीव मेटाकुटीला आलेला दिसत होता. खोटं कशाला बोलू, तिथं बसल्यावर मला वाटलं की मुलीने इथं यावं.

पानं वाढली. मी सासूजवळ बसूनच उघड्या दारातून बघत होते. खीर, वडे, आमसुलाची चटणी. मुलगी खीर वाढत होती. जेवता जेवताच सासऱ्यांनी विषय काढला.

"विहीणबाई, वरीस झालं. आता हिला हितंच राहू दे. ह्या घरची हाय ती."

मी म्हटलं, "तिलाच इचारा पावणं. ती काय बारकी न्हाई."

ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "तिला काय इचारायचं? तितं नोकरी लागलीया का?"

"अजून न्हाई," मुलगी म्हणाली.

"मग?"

ती पातेलं हातात घेऊन उभी राहिली. पुतण्या की भाचा, कोणीतरी म्हणालं की कॉम्प्युटर शिकून काय विमान उडवायचंय का वहिनीला. दोघंचौघं हसले. मुलगी पुढच्या पानावर वाढायला वाकली.

त्याच वेळी जमीन हलली. धक्का काही मोठा नव्हता. साताऱ्यात असे येतात आणि लोक घास तोंडात घालायचा थांबत नाहीत. पण श्राद्धासाठी भाड्याने आणलेली पातेली आणि ताटं स्वयंपाकघरात एकावर एक रचून ठेवली होती. ती वाजली. मी सासूजवळून उठले आणि अंगणात आले. मी आले तेव्हा मुलगी आधीच तिथं उभी होती. एका हातात खिरीचं पातेलं, दुसऱ्या हातात डाव. अंगणात आम्ही दोघीच. आत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "कोयनेच्या बायका. भांडं वाजलं की पळत्यात."

सासऱ्यांनी आतून तिचं नाव घेऊन हाक मारली. तिने ओ दिली नाही.

ती मला म्हणाली, "आई, आपल्याला कुणी हाक मारली हुती?"

"न्हाई."

"मग तू का आलीस?"

"भांडं वाजलं."

"बाबांनी ते कवा सांगितलंतं?"

"तुझ्या जल्माच्या आदी."

तिने पातेलं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं. मग ती हळू आवाजात बोलायला लागली. ती माझ्याशी बोलत नव्हती, तो दाराचा फळा तिच्या डोळ्यापुढे होता. ती म्हणाली, "मी नावापुढं कंस घातला म्हणजे मी ओरडले. ओरडलं की माणूस तवाच पळतंय. म्हणून पान उघडल्या उघडल्या सगळं बाहेर पडायचं, आणि बटणापाशी काहीच उरायचं न्हाई. बाबा ओरडले न्हाईत. त्यांनी काम सांगून ठेवलं. कुणाच्या नावानं न्हाई, भांड्याच्या वाजण्यापाशी सांगून ठेवलं. भांडं वाजलं तर हे करायचं. भांड्याला कुणाचं नाव ठाऊक असायची गरजच न्हाई. हाक मारायचीच न्हाई त्याला, त्यानं नुसतं वाजायचं."

मी म्हटलं, "आणि नावं बाहेर आल्यावर घ्यायची."

ती माझ्याकडे बघायला लागली. "व्हय. महिरपीच्या आत. तिथं नाव घ्यायचं, कंस घालायचा. कारण तवर वेळ आलेली असती."

मला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. पण नाव नसताना हाक कशी मारायची, हा माझा प्रश्न मिटला. हाक मारायचीच नसते.

सासरे दारात आले. त्यांच्या हाताला भात लागलेला होता. ते म्हणाले, "आत या आता. थांबलंय ते."

मुलगी म्हणाली, "मामा, मी हितं ऱ्हायला येणार न्हाई."

"नोकरी तर न्हाई म्हणतीस."

"न्हाई अजून. न्हाई मिळाली तरी येणार न्हाई. सुट्टीच्या दिवशी येऊन आत्तींचं अंथरुणातलं करीन. ऱ्हायला येणार न्हाई."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. ते आत गेले. मुलीने पातेलं उचललं, आत जाऊन राहिलेल्या पानांवर खीर वाढली, उष्टी काढली, भांडी घासू लागली. निघताना सासूच्या पाया पडली. सासूचा एक हात चालत होता, तो तिने मुलीच्या डोक्यावर बराच वेळ ठेवला. तो आशीर्वाद होता की धरून ठेवणं, मला सांगता येणार नाही.

तासाच्या दिवशी मुलगी घरातली परात, तांब्या आणि फुलपात्र पिशवीत घालून निघाली. मी तिच्याबरोबर गेले. चपला काढल्या, पण आत गेले नाही. दारापाशी बसले. दार बंद होतं, आत थंड मशीन लावलेलं होतं, त्यामुळे बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. आधी त्या इंजिनिअरिंगच्या मुलाचा तास झाला. मुलगा हुशार असावा. तो भराभर बोलत होता आणि बाकी सगळं गप्प होतं.

मग माझ्या मुलीचा. तिचा आवाज एकदा मोठा झाला, "उठा," आणि लगेच खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग सगळे बसले. मग ती काहीतरी बोलली आणि कुणीच हललं नाही. ती बोलत राहिली, बोलत राहिली. मला वाटलं विसरली. मग फुलपात्र परातीत पडलं. तो आवाज मी कुठेही ओळखेन. मी बसल्या जागेवरून उठले. आत सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या आणि पोरं हसायला लागली. मी चपलांमध्ये उभी होते आणि मला हसू आलं नाही. मला पहाटेची ती चाळ आठवली.

त्यानंतर आत बराच वेळ प्रश्न चालले. एका पोरीचा आवाज दोन-तीनदा आला. मुलीने तिला पुन्हा पुन्हा सांगितलं असावं, कारण शेवटी ती पोरगी मोठ्याने म्हणाली, "मग त्याला नाव देऊन करायचं काय?" ते मला दाराबाहेर स्पष्ट ऐकू आलं.

दार उघडलं तेव्हा सर बाहेर आले. मला बघून त्यांनी विचारलं, "आजी, परात तुमची का?"

"व्हय."

"ती इथंच राहू दे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "दुसरी घ्या. ती घरात लागती." ते हसले, पण मी गंमत केली नव्हती. सांगलीत धक्के कमी जाणवतात हे खरं. तरी ती परात मी त्याच दिवशी घरी नेऊन फळीवर ठेवली.

तिला सकाळच्या दोन बॅचेस मिळाल्या. त्या इंजिनिअरिंगच्या मुलाला पुण्यात काम लागलं असं पुढे कळलं. नोकरी लागल्यावर तिने एकदा मला आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि एसटीचं ते पान उघडलं. पान गप्प होतं. ती म्हणाली बघ, काही होत नाही. मी बघितलं. खरंच काही होत नव्हतं. मग तिने माझा हात धरून साताऱ्याच्या बटणावर नेला आणि दाबायला लावलं.

ती सुट्टीच्या दिवशी साताऱ्याला जात राहिली. दर सुट्टीला जमलं नाही. तिथं त्यांनी दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती, ती टिकली नाही, मग दुसरी. पुढच्या पावसाळ्यात सासू गेली. पाठीला जखमा झाल्या होत्या म्हणे. मुलगी तिथं राहायला गेली असती तर त्या झाल्या नसत्या, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्याला मी दुसरं काही नाव देत नाही.

आम्ही गेलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. सासरे तिच्याशी बोलले नाहीत. दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी आम्ही एसटीला निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. पावसात डोक्यावर टॉवेल धरून उभे राहिले.

म्हणाले, "नोकरी चालू हाय न्हवं?"

"हाय मामा."

"मग बरं," ते म्हणाले, आणि आत गेले.